तीन स्पीकर, एक कान

मिक्सरच्या वेळी झालं तसं या वेळी होऊ द्यायचं नाही, असं तिन्ही भावंडांनी एकमेकांना फोन करकरून बजावलं होतं. मिक्सरच्या वेळी ताई आणि थोरला पाच महिने बोलत नव्हते आणि मिक्सर आला नाही तो नाहीच. आई अजून जुन्यालाच दोन थापट्या मारून सुरू करते.

रविवारी सकाळी नऊला हॉलमध्ये तीन खोकी येऊन पडली. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिघांनी मिळून घरासाठी एकच मोठी वस्तू घ्यायची, असं ठरलं होतं. आता एकच म्हटल्यावर तीन निघणार हे ओघानं आलंच.

थोरला दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांना 'आ करा' म्हणतो आणि रविवारी स्वतः आ वासून मॅच बघायला आईकडे येतो. त्याला हवं होतं होम थिएटर: भिंतभर टीव्ही, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात धमधमणारा वूफर. त्यासाठी त्यानं अकरा रकान्यांचा तक्ता छापून आणला होता. ताई शाळेची मुख्याध्यापिका. तिचं म्हणणं, टीव्ही घ्या, त्याच्याखाली लांबट साउंडबार ठेवा आणि विषय संपवा. हॉलमध्ये एकसुद्धा वायर दिसता कामा नये. धाकटा लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि आईबाबांजवळच राहतो. त्याला कॉम्प्युटर हवा होता. चांगला दणकट प्रोसेसर, सत्तावीस इंची मॉनिटर, दोन्ही बाजूंना दोन स्पीकर.

"आईला बागेतल्या झाडांचे फोटो बघता येतील ना," धाकटा म्हणाला.

"झाडांचे फोटो बघायला एवढं महागाचं ग्राफिक्स कार्ड लागतं?" थोरल्यानं विचारलं.

"मग मॅच बघायला पाठीमागे दोन स्पीकर लागतात? पाठीमागून कोण खेळतं?"

"शांतता!" ताई म्हणाली. तिच्या शाळेत या एका शब्दावर सहाशे मुलं गप्प होतात. इथे दोन होती, पण ती काही गप्प झाली नाहीत.

शेवटी तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे बाबांच्या कानावर. या घरात आवाज करणारी कुठलीही वस्तू बाबांनी ऐकून पास केल्याशिवाय टिकत नाही. दारावरची बेल, पंखे, शिलाई मशीन, सगळं. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. बाजारात त्यांना नावानं कोणी ओळखतच नसे, सगळे 'कान' म्हणत. 'सेट खरखरतोय? कानाकडे टाक.' धाकटी सून लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा बाबांनी आधी तिची स्कूटर ऐकली आणि आतूनच म्हणाले होते, "मुलीचं नंतर बघू, पण प्लग बदलायला झालाय." बदलायलाच झाला होता.

बाबांचा जुना चेला आता तीन मजली शोरूम चालवतो. त्यानं गुरूचं नाव ऐकल्यावर तिन्ही सेट एका दिवसासाठी नुसते पाठवून दिले. सोफ्यासमोर चादर बांधायची, तिच्यामागे स्पीकर ठेवायचे, कुठला वाजतोय ते कुणाला कळू द्यायचं नाही. बाबा डोळे मिटून ऐकणार. ज्याचा आवाज पास, त्याची पूर्ण वस्तू पास.

"चादरीमागे कोण बसणार?" ताईनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की बसणाऱ्याचं काही खरं नव्हतं. तेवढ्यात धाकटी सून पोहण्याच्या तलावावरून आली. ती पोहायला शिकवते. केस ओले, खांद्यावर पिशवी आणि मानेभोवती तिचा तो विचित्र हेडफोन. तो कानात जात नाही. कानाच्या पुढे गालफडाच्या हाडावर टेकतो, पाण्यातसुद्धा चालतो. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कपाळाला हात लावला होता. "कान सोडून गालफडाला! उद्या चष्मा हनुवटीला लावाल."

"ही बसेल," थोरला म्हणाला. "हिला कुठे काय हवंय?"

धाकटीला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

*

आईला मात्र घाम फुटला होता.

बाबांना ऐकू येत नाही, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं: बाबांना आणि तिला. दीड वर्षापूर्वी एका सकाळी किटली शिट्टी मारून मारून दमली, आणि हे तिच्याशेजारी उभे राहून निवांत पेपर वाचत होते. आईनं गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात बोलायला लागतंच असं नाही.

तेव्हापासून तिनं सगळं सांभाळलं होतं. बेल वाजली की ती आधी उठून "अहो, बेल" असं त्यांच्या तोंडासमोर म्हणायची. जेवणाच्या टेबलावर पायांची भाषा होती. तिच्या अंगठ्यानं त्यांच्या चपलेवर एकदा दाबलं की 'हो म्हणा', दोनदा दाबलं की 'नाही म्हणा', आणि जोरात दाबलं की 'गप्प बसा'. यातली शेवटची खूण ऐकू येत असतानाही होतीच.

काल संध्याकाळी ती त्यांना म्हणाली होती, म्हणजे चांगलंच ओरडली होती, "सांगून टाका ना एकदाचं! पोरं काय खातील का तुम्हाला?"

"पोरं नाही खाणार," बाबा म्हणाले. "पण ताईला कळलं की गावाला कळलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग माझी शनिवारची खुर्ची गेली."

ती खुर्ची म्हणजे काय, हे आईला सांगावं लागत नव्हतं. दुकान विकून सहा वर्षं झाली, पण नवा मालक दर शनिवारी दारातच त्यांच्यासाठी खुर्ची टाकतो. अवघड सेट आला की त्यांच्यापुढे ठेवतो, आणि लोक उभं राहून बघतात. रविवार ते शुक्रवार बाबा त्या शनिवारच्या जिवावर काढतात. बहिऱ्या माणसाला कोण खुर्ची टाकेल?

"बरं," आई म्हणाली होती. "मी शेजारी बसते. एकदा दाबलं की चांगला, दोनदा दाबलं की वाईट."

"आणि नीट ऐक. माझं नाव आहे त्यात."

आता ती सोफ्यावर त्यांना खेटून बसली होती. चादरीपलीकडून धाकटी म्हणाली, "नंबर एक," आणि बासरी वाजायला लागली. छान होती. आईनं एकदा दाबलं.

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान हलवली. "ठीक. वरचे सूर स्वच्छ आहेत. खाली जरा पोट कमी आहे."

थोरल्यानं तक्त्यावर 'पोट कमी' लिहून घेतलं.

"नंबर दोन." तीच बासरी पुन्हा. आई कान देऊन ऐकत राहिली. काही फरकच कळेना. तिनं मान जरा तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला. डिट्टो तेच. शेजारी बाबांची चप्पल अस्वस्थपणे हलली, म्हणून घाईघाईत तिनं एकदा दाबलं, आणि मग पहिल्याला पण एकदाच दाबलं होतं हे आठवून अंगठा न उचलता तसाच दाबून धरला.

"वा!" बाबा म्हणाले. "याला म्हणतात आवाज. खोली मोठी झाल्यासारखी वाटते की नाही?"

"अगदी!" ताई म्हणाली. "पहिल्यात नुसती बासरी होती. यात वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू आला."

"श्वास काय, मला बोटं ऐकू आली," थोरला म्हणाला.

आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना फरक ऐकू येत होता. तिलाच येत नव्हता.

"नंबर तीन." पुन्हा तेच, तसंच, तेवढंच. म्हणजे आपलेही गेले, आईच्या मनात आलं. एकाचे गेले तेव्हा दुसऱ्यानं सांभाळलं. आता दोघांचे गेले तर बेल वाजून वाजून माणसं परत जाणार. तिनं डोळे मिटून दोनदा दाबलं.

"छे!" बाबा म्हणाले. "डब्यात बसून वाजवल्यासारखं. नको."

"हो ना," धाकटा म्हणाला. "माझा तर कान दुखला."

*

चादरीमागे धाकटी तोंडावर हात धरून बसली होती.

तिन्ही स्पीकर एका लाकडी पेटीला जोडलेले होते. ती पेटी बाबांनीच तीस वर्षांपूर्वी दुकानासाठी बनवली होती, मधोमध एक बटण आणि भोवती एक, दोन, तीन. धाकटीनं ते प्रत्येक वेळी फिरवलं होतं. पण तिसऱ्या वेळी सहज खाली बघितलं तर निळा दिवा साउंडबारवरच पेटलेला. होम थिएटर झोपलेलं, कॉम्प्युटरचे स्पीकरही झोपलेले. बासरी संपल्यावर तिनं बटण जरा दाबून फिरवलं, तेव्हा कुठे आत 'खट' झालं. ते आधी दाबायचं आणि मग फिरवायचं, हे या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच ते सुनेला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. लग्न होऊन तीन वर्षं झाली, तरी गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूचा हेही तिला भाजल्यावरच कळलं होतं.

म्हणजे तिन्ही वेळा एकच वाजला. आणि या लोकांना श्वास ऐकू आला, बोटं ऐकू आली, कान दुखला!

तिला हसू आवरेना. हसू दाबायला ती खाली वाकली आणि तिची नजर चादरीखालून पलीकडे गेली. चादर वीतभर आखूड होती. समोर सोफ्याखाली दोन जोड पाय दिसत होते. आईंचा अंगठा बाबांच्या चपलेवरून नुकताच उचलला जात होता.

धाकटी पाण्यात काम करणारी. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांवर चालतं. खूण तिला लगेच कळते. तिचं हसू जागच्या जागी गेलं. बेलच्या आधी उठणाऱ्या आई, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघणारे बाबा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. अगं बाई, ती मनात म्हणाली. आणि मी यांना रोज पाठमोरीच 'येते' म्हणून जाते. उत्तर देत नाहीत म्हणून रागावते.

"काय गं?" ताईनं बाहेरून विचारलं. "नंबर दोन कुठला होता?"

आता उत्तर तिच्याच हातात होतं. काही सांगितलं तरी चालणार होतं, आणि खरं सांगितलं तर एक कान उघडा पडणार होता.

"आधी चहा घेऊ," धाकटी म्हणाली. "मला जरा वेळ द्या, पेटी तपासते."

*

त्या वेळात तिच्याकडे तिघं येऊन गेले.

पहिला थोरला. चादर उचलून आत वाकला आणि एकदम प्रेमळ आवाजात म्हणाला, "तुझी ती अक्कलदाढ दुखते ना? ये उद्या. लाईनमध्ये बसू नकोस." एवढं बोलून त्यानं वूफरकडे पाहिलं आणि गेला. ताई आली ती सरळच बोलली. "हे बघ, मी कधी कुणाचा वशिला लावत नाही. पण आमच्या शाळेत पोहण्याचा तास सुरू करायचा आहे, कोच लागणार आहे. तेवढं लक्षात ठेव." मग धाकटा, तिचा नवरा.

"नंबर दोन आपलाच होता ना?"

"तुझा कान कुठल्या नंबरला दुखला?"

"तीन."

"मग असू दे," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही. नवऱ्यांना कळत नाही म्हणून संसार चालतात, हे तिनं आईंकडूनच ऐकलं होतं.

बाबा मागच्या गॅलरीत जाऊन बसले होते. तिथे त्यांचं छोटं टेबल आहे, त्यावर उघडे रेडिओ. चहाचा कप घेऊन ती गेली, त्यांच्या बरोबर समोर बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "बाबा, माझी चूक झाली. बटण दाबायचं असतं हे मला माहीत नव्हतं. तिन्ही वेळा साउंडबारच वाजला."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते या पोरीपुढे उघडं पडलं होतं जिला ते चेष्टेनं 'गालफडवाली' म्हणत. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. शनिवारची खुर्ची कुणीतरी दुकानाच्या दारातून उचलून आत नेतंय, असं त्यांना दिसायला लागलं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही. आणि सांगणार पण नाही. तुम्ही म्हणाल तो नंबर दोन." मग तिला राहवलं नाही. "पण बाबा, दादाला बोटं ऐकू आली हो! आणि तुमच्या धाकट्याचा कान दुखला!"

बाबांनी एक क्षण तोंड गच्च धरलं आणि मग खो खो हसत सुटले. "म्हणे कान दुखला!" डोळे पुसत पुसत ते म्हणाले, "म्हणजे मी एकटाच नाही. अख्खं खानदान बहिरं आहे."

हसू ओसरल्यावर त्यांनी टेबलावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. "मला काहीच ऐकू येत नाही असं नाही हं. हे बघ." टोक त्यांनी चालू रेडिओच्या सांगाड्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. "असं केलं की येतं. लांबून आल्यासारखं, पण येतं. शनिवारी असंच करतो. लोकांना वाटतं जुन्या उस्तादांची लकब आहे."

धाकटी त्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिली. मग तिनं मानेभोवतीचा हेडफोन काढला.

"नको, नको," बाबा म्हणाले. "ते तुमचं गालफडाचं."

"तुमचा स्क्रूड्रायव्हर कुठे लावलाय? कानात?"

तिनं हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला आणि फोनवर काहीतरी सुरू केलं. "फोन जिथे ठेवेन तिथलं बोलणं तुम्हाला इथे ऐकू येईल. मी तलावावर पोरांचं असंच ऐकते, मी काठावर नसले की काय काय बोलतात ते. थांबा." आणि फोन घेऊन ती आत गेली.

बाबा एकटेच बसले. आधी खसखस ऐकू आली. मग चमचा कपात फिरल्याचा आवाज. चमचा! दीड वर्षात त्यांनी चमचा ऐकला नव्हता. गालाच्या हाडातून तो सरळ आत आला, आणि मग त्याच्यामागून त्यांचं अख्खं कुटुंब आलं.

*

जेवणाच्या टेबलावर बिस्किटांच्या डब्यामागे फोन ठेवून धाकटी मुकाट बसली होती.

"नंबर दोन वूफरवालाच," थोरला म्हणत होता. "बाबा काय म्हणाले? खोली मोठी वाटते. मोठी खोली म्हणजे वूफर."

"मोठी खोली म्हणजे वायरी नाहीत," ताई म्हणाली.

"तुम्ही दोघं कशाला भांडता? बाबा कधी चुकलेत? काय कान आहे अजून! शहात्तर वर्षं झाली माणसाला." धाकट्यानं बिस्किट बुडवलं. "आपल्याला पण थोडा आलाय म्हणा तो कान. वारसा आहे. नाही का आई?"

आईनं हातातला कप खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"आई? काय झालं?"

"मला फरक कळला नाही रे," आई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "तुम्हा सगळ्यांना कळला. मला तिन्ही सारखेच वाटले. माझे कान गेले. आता यांचं कसं व्हायचं?"

"बाबांचं काय व्हायचंय?" ताईनं विचारलं. "तुझं बोल. कधीपासून होतंय? मोठ्यानं बोलू का?"

"मोठ्यानं बोल तिच्याशी!" थोरला मोठ्यानं म्हणाला. "आई! मी उद्या! कानाच्या डॉक्टरांची! वेळ घेतो!"

"ओरडू नकोस, येतंय मला ऐकू!"

"बघा, तिला वाटतं येतंय," ताई हळूच म्हणाली. "सुरुवातीला असंच असतं."

धाकटीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. बाबा आत आले. डोक्यावर हेडफोन, हातात अजून स्क्रूड्रायव्हर. ते कुणाकडे न बघता सरळ आईजवळ जाऊन उभे राहिले.

"तुझे कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "तिन्ही वेळा एकच स्पीकर वाजला. खटका दाबायचा असतो हे या मुलीला तुमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. फरक नव्हताच. अख्ख्या घरात एकटीनं बरोबर ऐकलं ते हिनं."

थोरल्यानं तक्ता हळूच उलटा ठेवला.

"पण मग तुम्हाला..." ताईनं सुरुवात केली.

"मला दीड वर्षं झाली, ऐकू येत नाही." ते इतक्या सहज बोलले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "तुमची आई पायानं सांगायची, मी तोंडानं बोलायचो. आता सांग जा गावभर."

"मी कशाला सांगू!" ताई म्हणाली, पण तिचा हात पर्सकडे गेलेला सगळ्यांनी पाहिला.

"थांब. आधी मी सांगतो." बाबांनी स्वतःचा फोन काढला, दुकानाच्या मालकाला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर, धाकटीच्या फोनशेजारी ठेवला. त्यांचा हात आईनं धरला. हे उघड उघड, टेबलावर. "हॅलो. मी बोलतोय. हे बघ, मला कानानं ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. तुला फसवलं. शनिवारची खुर्ची टाकू नकोस."

पलीकडून मालकानं विचारलं, "काका, म्हणजे ते स्क्रूड्रायव्हर लावून सांगता ते?"

"ते हाडातून येतं. कानातून नाही."

"मग खुर्ची कशाला काढू? दुरुस्ती बरोबर निघतेय ना! या शनिवारसाठी दोन सेट आलेत, दोन्ही घुमतात. लवकर या." आणि त्यानं फोन ठेवून दिला. गिऱ्हाईक असावं दुकानात.

बाबा खाली बसले. बिस्किटांचा डबा उगाचच सरळ केला, मग पुन्हा तिरका केला.

"हा हेडफोन कुठला?" थोरल्यानं विचारलं. त्याचा हात तक्त्याकडे गेलाच. "यात बरेच प्रकार येतात. मी तुलना करून बघतो. बॅटरी किती तास, वजन किती..."

"वायर नाही ना याला?" ताईनं विचारलं.

"हा जोडायला चांगला कॉम्प्युटर लागेल," धाकटा म्हणाला.

"तुला लागेल," धाकटी म्हणाली. "त्यांना नाही. आणि ताई, तुमच्या शाळेचं पोहण्याचं काय ते आत्ताच सांगा, सगळ्यांसमोर."

"कसलं पोहणं?" थोरला.

"आणि दादा, माझी अक्कलदाढ."

"हिची दाढ तू बघणार होतास? मला दोन आठवड्यांनी बोलावलंस!" ताई खुर्चीवरून उठली, आणि मग मिक्सरपासूनचं सगळं निघालं. त्या गडबडीत आईनं बिस्किटांच्या डब्यामागचा धाकटीचा फोन उचलला. तो नीट बघितला, उलटा केला, सुलटा केला.

"यात बोललं की त्यांना ऐकू येतं?" तिनं धाकटीला विचारलं. "कितीही हळू?"

"हो. फक्त त्यांनाच."

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दीड वर्षं ती या माणसाशी ओरडूनच बोलत होती. अहो बेल, अहो जेवायला चला, अहो औषध. ओरडून सांगता येण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं, जे माणूस हळूच बोलतो, ते तसंच साठून राहिलं होतं.

टेबलावर आता ग्राफिक्स कार्डावरून जुंपली होती. थोरला वूफर सोडायला तयार नव्हता. बाबा मध्ये बसून तिघांच्या तोंडांकडे बघत होते, आणि मग त्यांचं बघणं थांबलं. त्यांनी हात वर करून गालाच्या हाडावरचा तो पट्टा हलकेच दाबून धरला. बराच वेळ ते तसेच बसले. आधी कान लाल झाले. मग ते हसले, शहात्तर वर्षांचा माणूस चारचौघांत हसत नाही तसे.

"काय झालं बाबा?" ताईनं विचारलं. "काय ऐकताय?"

"काही नाही," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. "आवाज स्वच्छ आहे. हाच घ्या."